गुटी बांधता येते, लिहिता येत नाही

पत्र:

"सर, माझं वय ५१. शिक्षण बारावी, तेही कला शाखेतून, लग्नाआधी. मुलगी नोकरीला लागली, घरातली धावपळ कमी झाली. परसातल्या झाडांत पहिल्यापासून जीव रमतो, म्हणून उद्यानविद्येच्या प्राथमिक प्रमाणपत्राला नाव घातलं. दर रविवारी वर्ग असतो. वर्गातली बहुतेक पोरं माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या चाचणीत ५० पैकी १७ मिळाले. गुटी कलमावर पानभर लिहिलं, तर १० पैकी २! लॅटिन नावं तोंडात बसत नाहीत, खताची गणितं दिसली की घाम फुटतो. दीर म्हणतात, 'माळीकामाला कसलं सर्टिफिकेट?' सोडून देऊ का? आणि समजा पास झालेच, तर या वयात मला काम कोण देणार? उत्तरपत्रिकेचा फोटो सोबत पाठवते आहे."
— एक वाचक, कराड तालुका

ताई, सप्रेम नमस्कार.

सोडू नका. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. तुमची उत्तरपत्रिका दोनदा वाचली, त्यावरून म्हणतो आहे.

प्रश्न असा होता: 'गुटी कलमाची पद्धत लिहा व प्रत्येक कृतीमागील कारण स्पष्ट करा.' गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून नवं रोप करणं. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंनी दारच्या डाळिंबाला आषाढात गुटी बांधली, शेणमाती कशी कालवली, वरून गोणपाट कसं गुंडाळलं, ते रोप पुढे नणंदेच्या घरी गेलं आणि तिथे कसं लगडलं. वाचायला झकास आहे. पण तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं. त्यातला एकेक मुद्दा तो तुमच्या पानात शोधतो आणि सापडला की गुण देतो. नणंदेच्या डाळिंबाला गुण द्यायची त्याला सोय नसते.

आता तुमच्याच उत्तरातली चौथी ओळ बघा. "साल काढल्यावर आतला बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, नाहीतर मुळ्या धरत नाहीत." मिळालेले दोन गुण बहुधा याच ओळीचे आहेत. अशा वर्गांना मी बरीच वर्षं शिकवलं आहे. पुस्तक पाठ करून येणारी पोरं नेमकी हीच ओळ विसरतात. त्यांनी फांदी हातात धरलेली नसते, त्यामुळे त्यांना ती ओळ फालतू वाटते. तुमच्या हाताला ती माहीत आहे. फक्त त्या बुळबुळीत थराला कॅम्बियम म्हणतात आणि तो ठेवला तर का बिघडतं, एवढंच तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

ते एकदा नीट समजून घेऊ, कारण तुमचा अर्धा अभ्यासक्रम या एका थराभोवती फिरतो.

मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातून, म्हणजे जलवाहिन्यांतून, वर चढतं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून, म्हणजे रसवाहिन्यांतून, खाली उतरतं. गुटी बांधताना आपण पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, साधारण वर्षभर वयाच्या फांदीवरून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची सालीची अंगठी काढतो. लाकडाला हात लावत नाही, म्हणून वरच्या पानांना पाणी मिळत राहतं आणि फांदी वाळत नाही. साल मात्र तुटली, त्यामुळे खाली निघालेलं अन्न आणि शेंड्याकडून येणारी संजीवकं (वाढ घडवणारी द्रव्यं) जखमेच्या वरच्या काठाशी अडतात. तिथे ओल आणि अंधार मिळाला की मुळं फुटतात. म्हणूनच आयबीएसारखं मुळं फुटायला मदत करणारं संजीवक लावायचं ते वरच्या काठाला, खालच्या नाही. आणि कॅम्बियम राहिला तर? तो नव्या पेशी तयार करणारा थर आहे. तो जखम भरून काढतो, सालीचा पूल परत जोडला जातो, अन्न पूर्वीसारखं खाली निघून जातं. दीड-दोन महिन्यांनी आपण वर गुंडाळलेलं प्लॅस्टिक सोडतो तेव्हा आत मुळं नसतात, नुसती भरलेली जखम असते.

हे डोक्यात बसलं की उत्तर सहा-सात ओळींत होतं. फांदीची निवड, सालीची अंगठी, कॅम्बियम खरवडणं, संजीवक, ओलं शेवाळ, प्लॅस्टिक दोन्ही टोकांना घट्ट बांधणं, मुळं दिसल्यावर अंगठीच्या खाली कापून पिशवीत लावणं आणि काही दिवस सावलीत ठेवणं. प्रत्येक कृतीपुढे 'कारण' लिहून एक छोटं वाक्य. शेजारी एक आकृती, पेन्सिलीने, नावं टाकलेली. सासूबाई मनात असू द्या, कागदावर आणू नका. परीक्षेपुरतं म्हणतो.

याच थराने पुढचे धडेही सुटतात. 'केळी व नारळाची अभिवृद्धी कलमाने का करत नाहीत?' हा प्रश्न तुमच्या चाचणीत होता आणि तुम्ही तो सोडून दिलात. दोन्ही एकदल वनस्पती. त्यांच्या वाहिन्या खोडात विखुरलेल्या असतात, आणि कलमाच्या दोन काड्या एकमेकींना जोडणारा कॅम्बियमचा सलग थर त्यांच्यात नसतोच. जोडायचं कशाला कशाशी? म्हणून केळीला मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं), नारळाला नारळच. डोळे भरताना, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्यावर बसवताना, साल आणि लाकूड यांच्यामध्ये डोळा का सरकवतात, पाचर कलमात काडी खुंटापेक्षा, म्हणजे मुळासकट खालच्या रोपापेक्षा, बारीक असेल तर ती मधोमध न बसवता एका कडेला का लावतात, याचंही उत्तर तेच: कॅम्बियमला कॅम्बियम भिडला पाहिजे. हे चार वेगळे धडे म्हणून पाठ करायला बसलात तर पन्नाशीतच काय, पंचविशीतही जड जाईल.

तेव्हा स्मरणशक्तीची काळजी बाजूला ठेवा. वय झालं की सुटे सुटे शब्द डोक्यात राहत नाहीत, हे खरं आहे, माझंही तेच होतं. पण कारणाला बांधलेली गोष्ट राहते. आणि कारण विचारण्याची सवय तुम्हाला त्या पोरांपेक्षा जास्त आहे. संकोचाने वर्गात विचारत नसाल, तर या रविवारपासून विचारायला लागा.

लॅटिन नावांचं म्हणाल तर ती सगळी एका दमात पाठ करू नका. परीक्षेला येणारी पंचवीस-तीस असतील. आपल्या गावात कुणी अमुक आडनावाचा म्हटलं की तो कुणाच्या भावकीतला ते लगेच कळतं, तसं नावाचा पहिला शब्द ऐकून झाडाचे सोयरे ओळखायला शिका. लिंबू, संत्रं, मोसंबी, पपनस ही सगळी सिट्रस. म्हणूनच संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर चालतो. चिकू म्हणजे मनिलकारा झपोटा आणि ज्या खिरणीवर त्याचं कलम बांधतात ती मनिलकारा हेक्झांड्रा. आता 'चिकूला कोणता खुंट वापरतात व का?' याचं उत्तर नावातच आलं. आंबा मँगिफेरा इंडिका, डाळिंब प्युनिका ग्रॅनॅटम, पेरू सिडियम ग्वाजावा. रोज दोन नावं घ्या, परसातल्या त्या-त्या झाडाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा आणि पाणी घालताना मोठ्याने वाचा. दीर हसतील. हसू द्या.

वाणांच्या प्रश्नात मात्र जपून. तिथे नावं फसवतात. 'लखनौ-४९' पेरू कुठे निवडला गेला, तर पोरं ठोकून लखनौ लिहितात. तो आपल्या पुण्याचा. फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी निवडलेला, आणि त्याचं दुसरं नाव सरदार. 'गणेश' डाळिंबही त्यांनीच आळंदीच्या डाळिंबातून गणेशखिंडीत निवडलं. 'रत्ना' आंबा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून, तर 'सिंधू' हा रत्ना आणि हापूस यांचा; दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाचे. हे एक-एक गुणाचे प्रश्न असतात, पण फुकटचे असतात.

आता घाम फोडणारी गणितं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रश्न आहे: एका झाडाला ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश द्यायचं आहे, तर युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश किती लागेल? तुम्ही लिहिलंत युरिया ५०० ग्रॅम. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तेच लिहिलं असणार.

घरात युरियाची गोणी असेल तर तिच्यावर काय छापलंय ते बघा: नत्र ४६ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम युरियात नत्र फक्त ४६ ग्रॅम, बाकीचं नत्र नाही. आपल्याला हवं नत्र, विकत मिळतो युरिया. मग हवं तेवढं नत्र गुणिले १००, भागिले ४६. ५०० गुणिले १०० म्हणजे ५०,०००, त्याला ४६ ने भागलं की साधारण १,०८७ ग्रॅम, किलोपेक्षा थोडा जास्त. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के: २५० गुणिले १०० भागिले १६, उत्तर १,५६२ ग्रॅम आणि वर अर्धा. पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के: उत्तर ४१७ ग्रॅमच्या आसपास. एवढंच गणित आहे. ४६, १६ आणि ६० हे तीन आकडे आणि एकच रीत. उत्तर बरोबर आलं का ते पडताळायला एक खूण: खताचं वजन नेहमी अन्नद्रव्यापेक्षा जास्त आलं पाहिजे. कमी आलं तर गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली.

मिश्र खताच्या गोणीवर १०:२६:२६ असतं, तेही याच क्रमाने वाचायचं: नत्र, स्फुरद, पालाश, शंभर किलोत इतके-इतके किलो. दुकानात गेलात की गोण्या वाचत उभ्या राहा, दुकानदार काही म्हणणार नाही.

लागवडीच्या अंतराचं गणित तर तुम्हाला यायलाच हवं, गुंठ्यांत बोलणाऱ्या घरातल्या आहात. हेक्टरात १०,००० चौरस मीटर. आंबा १० बाय १० मीटरवर म्हणजे एका झाडाला १०० चौरस मीटर, झाडं १००. सीताफळ ५ बाय ५ वर, झाडं ४००. पेरू ६ बाय ६ वर २७७. भागाकार अपुरा राहतो म्हणून घाबरू नका, दशांशाचं झाड लावत नाहीत. मात्र मीटर आणि फूट एकाच गणितात आले असतील तर आधी एकाच मापात आणा. तिथेच जास्त गुण जातात.

प्रात्यक्षिकाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्याबद्दलच.

एक, जवळचा चष्मा करून घ्या. खरंच सांगतो. गुलाबाचा डोळा काढताना सालीच्या आतला तो बारीक कोंब शाबूत आहे की लाकडाबरोबर निघून गेला, हे पन्नाशीच्या नजरेला बिनचष्म्याचं दिसत नाही. मग डोळा वाळतो आणि आपण म्हणतो, माझा हात चांगला नाही. हाताचा काही दोष नसतो.

दोन, कलमाचा चाकू स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. त्याची धार कांद्यासाठी नसते. बोथट चाकूने साल कापली जात नाही, चेचली जाते, आणि चेचलेला कॅम्बियम जुळत नाही. सरावाला मौल्यवान झाड घेऊ नका. कुंपणाची जास्वंद, शेवगा, बांधावरचा कुठलाही झाडोरा चालतो. 'टी' आकाराची चीर, साल दोन्ही बाजूंनी हलकेच उचलणं, ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवणं, पट्टीने बांधताना डोळ्याचं टोक उघडं ठेवणं. रोज चहाच्या वेळी दोन-तीन डोळे भरले की थंडीत गुलाबाचा हंगाम येईपर्यंत हात बसलेला असेल. गुटीचे मात्र आत्ताच, पावसाळ्याचे दिवस आहेत. त्याच डाळिंबाच्या वंशातलं झाड दारात असेल तर त्याला चार गुट्या बांधा. दोन नीट, एक मुद्दाम कॅम्बियम न खरवडता, एक संजीवकाशिवाय. प्रत्येकीवर तारीख घाला. सोडाल तेव्हा फोटो काढून प्रात्यक्षिक वहीत चिकटवा. तोंडी परीक्षेत परीक्षकाने गुटीवर काहीही विचारलं तरी हे पान उघडून त्याच्यापुढे ठेवता येईल. असं पान आणणारे विद्यार्थी मी फार थोडे पाहिलेत.

तीन, बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध. हे प्रात्यक्षिक हमखास येतं. एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. परीक्षेत याच्या प्रमाणात कमी करून मागतात, म्हणजे १० लिटरला १००-१०० ग्रॅम. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवा, धातूच्या भांड्यात नाही. चुना गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणं तिसऱ्या बादलीत एकाच वेळी धारेने ओता, काठीने ढवळत राहा. आकाशी रंग आला की लोखंडी खिळा किंवा चाकूचं पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, फवारलं तर पानं करपतील. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून परत तपासा. फवारणी त्याच दिवशी. परीक्षक 'उद्या वापरलं तर चालेल का' असं हसत हसत विचारतात. नाही म्हणा.

आणि आठवड्यातला एक दिवस कृषी विभागाच्या जवळच्या फळरोपवाटिकेत जा, जमलं तर परवानगी काढून तिथल्या बायकांबरोबर बसून पिशव्या भरा. पिशवी भरताना तळाला भोकं का, माती-वाळू-शेणखत कशासाठी, कलमाच्या जोडाखाली फुटलेली खुंटाची फूट का खुडतात, हे तिथे न विचारता कळतं. शोभेच्या झाडांची ओळख कच्ची असेल तर जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे वही घेऊन जा.

आता दीर. माळीकामाला सर्टिफिकेट कशाला, हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. उत्तम कलम बांधणारे कितीतरी लोक कधी शाळेत गेलेले नाहीत, आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावून गुलाब मारणारेही मी बघितलेत. तुम्हाला कलम येतंच. हा अभ्यासक्रम तुम्हाला देणार ते कारण. एखाद्या वर्षी दहातल्या आठ गुट्या फसल्या तर कुठे चुकलं ते शोधता येणं, हे नुसत्या सवयीने येत नाही. दिरांशी वाद घालू नका, त्यांच्या वाट्याच्या झाडांना खत किती लागेल ते काढून द्या.

कामाचं मात्र स्पष्ट सांगतो. नगरपालिका, शासकीय उद्यानं यांच्या भरतीला वयाची अट असते, तो रस्ता धरू नका. कराड, सातारा, पुणे इकडे सोसायट्या, शाळा, मंगल कार्यालयं, बंगलेवाले यांना बाग सांभाळणारं भरवशाचं माणूस मिळत नाही. महिन्याला ठरावीक फेऱ्या, छाटणी, खत, कुंड्या बदलणं असं काम वयाकडे न बघता मिळतं, आणि एका घरचं नीट केलं की शेजारचं चालून येतं. पैसे सुरुवातीला बेताचेच.

रोपवाटिकेचं मनात असेल तर आधी फुलझाडं आणि भाजीची रोपं करा. आंबा-डाळिंबाची कलमं विकायची तर महाराष्ट्रात १९६९ चा फळ रोपवाटिका कायदा आहे, त्याखाली परवाना लागतो. मातृवृक्ष (ज्यांच्या काड्या कलमाला घेता ती झाडं) कुठले, नोंदी कशा, हे सगळं बघितलं जातं. तालुका कृषी कार्यालयात जाऊन अर्ज कसा करायचा ते आधी विचारा, पिशव्या नंतर भरा. परवान्याशिवाय 'शेजारीपाजारी देते' म्हणत सुरू करणारे पुढे अडचणीत येतात, आणि कलम जातिवंत निघालं नाही तर घेणारा तीन-चार वर्षांनी, फळ धरल्यावर, दारात येऊन उभा राहतो.

त्याही पुढे शिकावंसं वाटलं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका मागवून बघा. पण ते नंतर. आधी दुसरी चाचणी.

त्या चाचणीसाठी एकच करा. मागच्या प्रश्नपत्रिकांतले 'कारणे द्या' आणि 'फरक स्पष्ट करा' एवढेच प्रश्न वेगळे काढा, आणि प्रत्येकाचं उत्तर आधी तोंडाने, मुलीला फोनवर सांगा. तिला झाडातलं काही कळत नसेल तर फारच उत्तम. तिला कळलं म्हणजे तपासणाऱ्याला कळेल. मग तेच लिहून काढा, वेळ लावून, दहा गुणांना पंधरा मिनिटं. हाताची लिहायची सवय सुटलीय, पेपर अर्धवट सुटतो तो त्यामुळेच. उतारा शुद्धलेखनासारखा रोज पानभर लिहिलात तरी महिन्यात फरक पडेल.

आणि प्रात्यक्षिक वहीवर दर रविवारी सही घेत जा. शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम वह्या घेऊन येतात, मग सर दोन-चार पानं चाळून परत पाठवतात, आणि सही नसलेली वही परीक्षेला धरली जात नाही.